दसऱ्याच्या ई-गाडीचं जूनमध्येच ठरतं

वर्धा रोडवरच्या शोरूममध्ये सप्टेंबरात ई-स्कूटर बुक केली की 'दसऱ्याला गाडी दारात' असं ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याचा हेतू खोटा नसतो, कंपनीने कळवलेला अंदाज तो पुढे सांगत असतो. पण दसऱ्याला नागपुरात किती गाड्या उतरणार हे तोवर ठरून गेलेलं असतं. कारखाना बॅटरीतल्या सेलची ऑर्डर पक्की करतो ती जूनच्या अखेरीस, आणि आकडा तिथेच ठरतो. पेट्रोलच्या गाडीची मागणी वाढली तर कारखाना एक पाळी वाढवतो आणि दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. ई-गाडीच्या बाबतीत पाळी वाढवून भागत नाही. सांगाडा, मोटर, कंट्रोलर, चाकं सगळं जोडून झालं तरी बॅटरीचा पॅक नसेल तर गाडी कारखान्याच्या आवारात उभी राहते.

आधी पॅकमध्ये काय असतं ते पाहू, म्हणजे पुढचे आकडे समजतील. सेल म्हणजे पॅकमधली सगळ्यात लहान, स्वतंत्र बॅटरी. स्कूटरमध्ये २१७०० मापाचा गोल सेल बराच वापरतात. त्याचा व्यास २१ मिलिमीटर, उंची ७० मिलिमीटर आणि वजन साधारण ७० ग्रॅम. ३.६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर धरले तर एका सेलमध्ये १८ वॅट-अवर वीज मावते. असे १६ सेल समांतर जोडून एक गट करायचा आणि असे १४ गट एकापुढे एक जोडायचे. कामगार याला '१४ एस १६ पी' म्हणतात. एकूण २२४ सेल, जवळपास ४ युनिटचा पॅक. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलातलंच युनिट, एक किलोवॅट-अवर. ई-रिक्षाच्या लिथियम पॅकची रचना याहून साधी असते. ३.२ व्होल्ट आणि १०५ अँपिअर-अवरचे १६ चौकोनी एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) सेल ओळीने जोडले की ५१.२ व्होल्टचा, सुमारे ५.४ युनिटचा पॅक तयार होतो. त्यातला एकेक सेल जवळपास २ किलोचा असतो.

२२४ पैकी २२३ सेल हातात असतील तर पॅक होत नाही. एखादा नट कमी पडला तर बाजारातून आणता येतो, सेल तसा आणता येत नाही.

आता दसऱ्यापासून मागे मोजू. शोरूममध्ये गाडीची तपासणी, विमा, आरटीओ नोंदणी आणि नंबर प्लेट यांत एक आठवडा. त्याआधी गाडीची जोडणी आणि कारखान्यापासून नागपूरपर्यंतची वाहतूक, आणखी एक आठवडा. पॅक बांधणं आणि तपासणं, दीड आठवडा. सेल कारखान्यात आल्यावर त्यांची छाननी, एक आठवडा. न्हावा शेवा बंदरावर कस्टम आणि तिथून ट्रकने कारखान्यापर्यंत, दीड आठवडा. चीनच्या बंदरातून समुद्रमार्गे तीन आठवडे. तिथल्या बंदरात जहाज मिळेपर्यंत एक आठवडा. आणि सेल बनायला चार ते पाच आठवडे, तेही उत्पादनाच्या रांगेत आधीच जागा मिळालेली असेल तर. बेरीज चौदा-पंधरा आठवड्यांवर जाते. दसरा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात धरला तर मागे जाऊन जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा येतो. म्हणजे नागपुरात पहिला पाऊस पडत असताना, शोरूममध्ये शुकशुकाट असताना, कारखान्याला ऑक्टोबरची गर्दी ओळखून पैसे गुंतवावे लागतात. अंदाज कमी निघाला तर तो सप्टेंबरात भरून काढता येत नाही.

सेल बनायला चार-पाच आठवडे लागतात याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. लेप देणं, दाबणं, कापणं, गुंडाळणं ही कामं मशीनवर झटपट होतात. वेळ खातो तो शेवटचा टप्पा. सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट भरल्यावर तो संथपणे पहिल्यांदा चार्ज आणि डिस्चार्ज करावा लागतो. याला फॉर्मेशन म्हणतात. त्यानंतर सेल दोन-तीन आठवडे नुसते ठेवून कोणाचा व्होल्टेज आपोआप उतरतो ते पाहतात. आतमध्ये धातूचा एखादा सूक्ष्म कण राहिला असेल तर तो इथेच सापडतो. घाईसाठी हे दिवस कापले तर दोषी सेल पॅकमध्ये पोचतो आणि मग सगळंच महागात पडतं.

गुढीपाडव्याची अडचण वेगळी आहे आणि ती पंचांगातच दिसते. चिनी नववर्ष अमावास्येला सुरू होतं, आपला पाडवा फाल्गुन अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. दोन्ही चंद्रावर चालतात, त्यामुळे दोघांत बहुतेक वेळा दोन महिन्यांचं आणि क्वचित एकाच महिन्याचं अंतर पडतं. २०२५ मध्ये चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं आणि पाडवा ३० मार्चला. २०२६ मध्ये तेच १७ फेब्रुवारी आणि १९ मार्च, म्हणजे जेमतेम एक महिना. त्या सणात तिथले कारखाने आठवडाभर तरी बंद असतात. गावी गेलेले कामगार परतून उत्पादन पूर्ववत व्हायला आणखी एक-दोन आठवडे जातात, बंदरातही माल तुंबतो. पाडव्याच्या गाड्यांचे सेल म्हणून डिसेंबर-जानेवारीतच जहाजावर चढलेले हवेत. ज्या वर्षी दोन सणांत एकच महिना असतो त्या वर्षी पाडव्याला हवी ती गाडी, हव्या त्या रंगात आणि हव्या त्या पॅकसह मिळणं अवघड होतं. पाडव्याला गाडी घ्यायची असेल तर हे अंतर आधी कॅलेंडरवर पाहून घ्यावं. दुसरी मोठी सुट्टी १ ऑक्टोबरपासूनची. तिचा फटका दिवाळीला बसत नाही, डिसेंबर-जानेवारीच्या डिलिव्हरीला बसतो.

माल विमानाने का मागवत नाहीत, असं विचारलं जातं. लिथियम-आयन सेल यूएन ३४८० या क्रमांकाखाली नवव्या वर्गातला धोकादायक माल म्हणून नोंदलेले आहेत. एप्रिल २०१६ पासून ते प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाहीत. मालवाहू विमानात नेताना चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. यूएन ३८.३ ही वाहतुकीसाठीची सुरक्षा चाचणी केलेली हवी, पॅकिंग ठरावीक प्रकारचं हवं. नमुन्याचे चारशे सेल विमानाने येतात. हजार स्कूटरचा माल विमानाने आणला तर भाड्यातच नफा संपतो.

हजार स्कूटर म्हणजे किती माल ते पाहा. २२४ गुणिले १०००, म्हणजे २,२४,००० सेल. प्रत्येकी ७० ग्रॅमने पावणेसोळा टन, पॅकिंग धरून अठरा-वीस टन. हा सगळा माल वीस फुटी एका कंटेनरमध्ये मावतो. एका कंटेनरच्या कागदपत्रात चूक झाली, चाचणीच्या अहवालावरचं मॉडेल आणि खोक्यावरचं मॉडेल जुळलं नाही, किंवा कोलंबोत माल दुसऱ्या जहाजावर चढवताना ते जहाज चुकलं, तर हजार ग्राहकांची तारीख एकाच झटक्यात पुढे जाते. शोरूमला कळतं ते फक्त 'पुढच्या आठवड्यात' एवढंच. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचं मुंबई-नागपूर अंतर ट्रकला सोपं झालं. त्या पंधरा आठवड्यांतला त्यामुळे फार तर एक दिवस वाचतो.

माल कारखान्यात पोचला म्हणजे सुटलो, असंही नाही. इथे जे होतं ते बाहेर कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते उशिराची निम्मी कारणं इथेच असतात.

आलेल्या प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि अंतर्गत रोध मोजतात. एका पॅकमधल्या सेलच्या व्होल्टेजमध्ये ५ ते १० मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक चालत नाही, रोध आणि क्षमताही ठरलेल्या पट्ट्यात बसावी लागते. कारण साधं आहे. समांतर गटातला एक सेल कमजोर असला तर बाकीचे त्याचा भार उचलतात आणि लवकर थकतात. ओळीतला एक गट कमजोर असला तर बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, त्याच्या पातळीवर अख्खा पॅक बंद करते, मग बाकी तेरा गटांत वीज शिल्लक असली तरी गाडी थांबते. म्हणून सेल ग्रेडप्रमाणे वेगवेगळ्या ट्रेमध्ये जातात आणि दोन वेगळ्या लॉटचे सेल एका पॅकमध्ये सहसा घालत नाहीत. यातून असं होतं की गोदामात ३०,००० सेल दिसतात आणि लाइन मात्र बंद असते. 'अ' ग्रेडचे २१० उरलेत, पॅकला हवेत २२४. 'ब' ग्रेडचे ९,००० आहेत, पण त्यांचा लॉट जुना आहे. २,२४,००० सेलच्या कंटेनरमध्ये २ टक्के नापास झाले तर ४,४८० सेल गेले, म्हणजे वीस स्कूटर. त्याशिवाय ग्रेडनुसार उरलेले तुकडे वेगळेच.

पॅक बांधणं त्या मानाने जलद आहे. होल्डरमध्ये सेल बसवायचे, निकेलची पट्टी किंवा बसबार वेल्ड करायचा, तापमानाचे सेन्सर चिकटवायचे, बीएमएसच्या तारा क्रमाने जोडायच्या, थर्मल पॅड ठेवायचं, गॅस्केट लावून झाकण बंद करायचं, हवेच्या दाबाने गळती तपासायची. वेल्डचा जोर कमी पडला तर सांधा गरम होतो, जास्त पडला तर सेलच्या तळाला भोक पडतं. या चुका सरावलेले हात लवकर ओळखतात.

खरी रांग लागते ती चार्ज-डिस्चार्ज चाचणीला. प्रत्येक पॅक पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा वाहतुकीच्या पातळीपर्यंत भरायचा. दोन तासांत भरायच्या आणि दोन तासांत उतरवायच्या वेगाने, मधली विश्रांती आणि शेवटचं अर्धवट चार्जिंग धरून एका पॅकला सहा तास जातात. मशीनला वीस चॅनेल असतील तर चोवीस तासांत जास्तीत जास्त ८० पॅक होतात. जोडणं-काढणं, वीज जाणं, फेरचाचणी धरली तर ६५. आता दीड महिना सेल आले नाहीत आणि मग एकदम दोन कंटेनर आले, असं समजा. २,००० पॅकचा माल हातात, आणि चाचणीची क्षमता दिवसाला ६५. शेवटचा पॅक बाहेर पडायला एक महिना लागतो. 'सेल आले' ही बातमी आणि 'गाडी आली' हा निरोप यांच्यात जे चार आठवडे जातात त्यांचं उत्तर या रांगेत आहे. चाचणी मशीन महाग असतात, त्यामुळे सरासरी उत्पादनाला पुरतील इतकीच घेतलेली असतात. पुरवठा मात्र सरासरीने येत नाही.

मग दुसऱ्या कंपनीचे सेल का घेत नाहीत? घेता येतात, पण बाजारातून दुसऱ्या कंपनीचे टायर आणून बसवावेत तसं ते काम नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरना आगी लागल्यावर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. सेल बदलला की पॅकची चाचणी आणि मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. त्यात पॅक पाण्यात बुडवून पाहणं येतं, आतला एक सेल भडकला तर आग पसरते का हेही तपासलं जातं. शिवाय बीएमएसमधली 'इतक्या व्होल्टेजला इतके टक्के चार्ज' हे तक्ते नव्याने बनवावे लागतात. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल सोडून एलएफपी घ्यायचा तर गोष्ट आणखी वाढते. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास सपाट राहतो, त्यामुळे टक्केवारी मोजायची पद्धतच बदलते. सेलची संख्या, डब्याचं माप, चार्जर, सगळं बदलतं. हे सगळं व्हायला काही महिने लागतात. टंचाई सुरू झाल्यावर दुसरा पुरवठादार शोधणारा कारखाना म्हणूनच उशीर करतो. ज्यांनी सुरुवातीपासून दोन सेलना मंजुरी घेऊन ठेवली त्यांना जास्त खर्च आला, पण त्यांच्या तारखा पाळल्या जातात. गाडी निवडताना मी या गोष्टीला रंग आणि स्क्रीनच्या आकारापेक्षा जास्त वजन देईन.

साठा करून ठेवावा, हा दुसरा उपाय सुचतो. विदर्भात तो सगळ्यात अवघड आहे. सेल ३० टक्क्यांच्या आसपास चार्ज असताना येतात आणि १५ ते २५ अंश तापमानात ठेवायचे असतात. ढोबळ नियम असा की दर १० अंशांमागे सेलचं नुसतं पडून म्हातारं होणं जवळपास दुप्पट वेगाने होतं. बुटीबोरी किंवा वाडीच्या पत्र्याच्या गोदामात नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना आत त्याहून जास्त असतं. तिथे तीन महिने ठेवलेला लॉट आणि कालच आलेला लॉट कागदावर सारखे असले तरी रोध मोजल्यावर वेगळे निघतात. म्हणजे वातानुकूलित गोदाम, अग्निशमनाची वेगळी सोय, दर काही महिन्यांनी व्होल्टेज तपासून गरज पडली तर पुन्हा थोडं चार्ज करणं, हे सगळं आलं. आणि पैसा अडकतो तो वेगळाच. सुट्ट्या लिथियम बॅटरीवर जीएसटी १८ टक्के आहे आणि तयार ई-गाडीवर ५ टक्के. खरेदीत भरलेला जादा कर परत मिळेपर्यंत खेळतं भांडवल अडतं. लहान पॅकवाल्यासाठी ही रक्कम मोठी असते.

किमतीचाही पुरवठ्याशी थेट संबंध आहे. एका युनिटच्या सेलसाठी साधारण ६०० ग्रॅम लिथियम कार्बोनेट लागतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये त्याचा भाव टनाला ६ लाख युआनच्या जवळ गेला होता. २०२३ संपताना तो १ लाखाच्या आसपास आला. ४५ युनिटच्या कारच्या पॅकमध्ये २७ किलो धरलं तर पहिल्या भावाने फक्त लिथियमचा खर्च १६,२०० युआन, दुसऱ्या भावाने २,७००. भाव चढत असताना सेल कारखाना जुन्या दराच्या करारातला माल मागे ठेवतो आणि नव्या दराने घेणाऱ्याला आधी देतो. भाव उतरत असताना गाडी कारखाना ऑर्डर पुढे ढकलतो, कारण पुढच्या महिन्यात स्वस्त मिळणार असतं. दोन्ही वेळा ग्राहकाची तारीख हलते.

सेल कमी असले की कंपनी ते कुठे वापरते, हे समजलं तर यादीतली आपली जागा बरीच समजते. १०० युनिटचे सेल आहेत असं धरा. त्यातून ४५ युनिटच्या दोन कार होतात, किंवा २५ युनिटच्या चार, किंवा ४ युनिटच्या पंचवीस स्कूटर. शहर बसला एकटीलाच दोनशेहून जास्त युनिट लागू शकतात. टेस्लाने जानेवारी २०२१ मध्ये आपला सेमी ट्रक लांबवताना हेच कारण दिलं होतं. ट्रकला कारच्या पाचपट सेल लागतात, पण तो पाचपट किमतीला विकला जात नाही. आपल्याकडेही हाच हिशेब चालतो. ज्या गाडीत दर युनिटमागे नफा जास्त तिला सेल आधी मिळतात. मोठ्या पॅकचं महाग मॉडेल असेल तर बऱ्याचदा ते आधी निघतं आणि स्वस्त, लहान पॅकचं मॉडेल 'लवकरच' म्हणून राहतं. दोन मॉडेलना वेगळा सेल लागत असेल तर एकाची रांग दोन आठवड्यांची आणि दुसऱ्याची तीन महिन्यांची असू शकते. शोरूममध्ये 'वेटिंग किती' विचारून उपयोग नाही. 'या पॅकला वेटिंग किती आणि दुसऱ्या पॅकला किती' असं विचारावं.

परदेशातली दोन उदाहरणं इथे उपयोगी आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये जॅग्वारला ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथलं आय-पेस कारचं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं, कारण बॅटरीचा पुरवठा पुरत नव्हता. दुसरं जास्त शिकवणारं. ऑगस्ट २०२१ मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले बोल्टच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या, सुमारे १.४ लाख. एकाच सेलमध्ये अ‍ॅनोडची पट्टी फाटलेली आणि सेपरेटर (आतल्या थरांमधला पडदा) दुमडलेला, असे दोन दोष एकत्र आले तर आग लागण्याचा धोका होता. मिशिगनमधला ओरायन कारखाना एप्रिल २०२२ पर्यंत बहुतेक काळ बंद राहिला. नवे चांगले सेल तयार होऊ लागले तेव्हा ते आधी विकलेल्या गाड्यांचे पॅक बदलायला गेले, नव्या गाड्यांची पाळी नंतर आली. सेलचा दोष म्हणजे दुहेरी टंचाई, हे त्या आठ महिन्यांत दिसलं.

'आपल्याकडेच सेल बनवा' हे म्हणणं बरोबर आहे, पण त्याला लागणारा वेळ लोक कमी धरतात. केंद्राने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची योजना आणली, लक्ष्य ५० गिगावॅट-अवरचं (एक गिगावॅट-अवर म्हणजे दहा लाख युनिट). ठरल्या मुदतीत त्यातली बहुतेक क्षमता उभी राहिली नाही. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या सेल कंपनीकडे पैसा होता, ऑर्डर होत्या, तरी मार्च २०२५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. चांगल्या सेलचं प्रमाण वेळेत वाढलं नाही हे त्यामागचं मोठं कारण. नागपूरसाठीही लिथियम बॅटरीच्या मोठ्या प्रकल्पाला राज्याने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो उभा राहावा अशी मनापासून इच्छा आहे. तरीही मंजुरी आणि पॅकमध्ये घालण्याजोगा पहिला सेल यांच्यात काही वर्षं असतात. सेलला लागणाऱ्या मँगनीजचंही असंच. मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं मुख्यालय आपल्या नागपुरात, खाणी नागपूर-भंडारा-बालाघाटात, डोंगरी बुजुर्गला मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही आहे. पण तो डायऑक्साइड साध्या ड्राय सेलला लागतो. लिथियम सेलसाठी लागतं ते अत्यंत शुद्ध मँगनीज सल्फेट, आणि त्याचं शुद्धीकरण हा वेगळाच उद्योग आहे. खनिज जमिनीत असणं आणि सेल हातात असणं यांच्यामध्ये पाच-सहा कारखाने लागतात.

ग्राहकाने काय करावं, ते आता सांगतो. बुकिंगच्या पावतीवर पॅकचं माप लिहून घ्या, फक्त मॉडेलचं नाव नको. डिलिव्हरीची तारीख तोंडी मिळाली तर तिला अंदाजच समजा. तारखेवर विश्वास ठेवायची वेळ येते ती चेसिस नंबर तुमच्या नावावर लागल्यावर. तो लागला की गाडी बनलेली आहे आणि राहिलंय ते वाहतूक आणि नोंदणीचं काम. तो नसेल तर सेल अजून जहाजावरही असू शकतात. कर्जाची मंजुरी त्याआधी घेऊ नका, तिची मुदत संपून व्याजदर बदलू शकतो. किंमत बुकिंगच्या दिवसाची की बिलाच्या दिवसाची, हे लेखी घ्या. याचं महत्त्व एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेतलं ई-गाडीचं अनुदान त्या महिन्यापासून युनिटमागे ५,००० वरून २,५०० रुपयांवर आलं आणि स्कूटरची कमाल रक्कम १०,००० वरून ५,००० झाली. गाडी मार्चऐवजी एप्रिलमध्ये आली तर ५,००० रुपयांचा फरक, आणि तो कोणी सोसायचा हे पावतीवर लिहिलेलं नसेल तर वाद ठरलेला.

गाडी आल्यावर पॅकचा अनुक्रमांक आणि उत्पादनाचा महिना पाहा. सेलअभावी कारखान्यात अडकलेल्या गाडीचा सांगाडा जुना आणि पॅक नवा असू शकतो, त्याने बिघडत नाही. उलट असेल, पॅक सहा-आठ महिने जुना आणि मधला काळ उन्हाळ्याचा, तर मात्र विचारा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते ना, तेही पाहा. शोरूममध्येच एकदा पूर्ण चार्ज करून घ्या. एलएफपी पॅकमध्ये तर हे हवंच, कारण टक्केवारीचा हिशेब पूर्ण चार्जला पोचल्यावरच जुळतो.

टंचाईचा सगळ्यात मोठा मार मात्र नवी गाडी घेणाऱ्याला बसत नाही. तो बसतो ई-रिक्षा चालवणाऱ्याला, ज्याचा पॅक मधेच गेला. सेल कमी असले की कारखाना ते नव्या गाड्यांत घालतो, वॉरंटीचे बदली पॅक मागे राहतात. सीताबर्डी ते रेल्वे स्टेशन फेऱ्या मारणाऱ्याची कमाई तोवर रोज बुडते, कर्जाचा हप्ता थांबत नाही. रिक्षा घेतानाच विचारा, नागपुरात बदली पॅक किती ठेवलेले असतात, आणि दुरुस्तीच्या काळात चालवायला दुसरा पॅक मिळतो का. करारात 'ठरावीक दिवसांत बदली' असं वाक्य असेल तर थोडी जास्त किंमत देणं परवडतं.

याच काळात बाजारात स्वस्त पॅक दिसू लागतात. व्यापाऱ्याकडून आलेले वापरलेले किंवा नाकारलेले सेल नव्या वेष्टनात. चौकोनी सेलवर क्यूआर कोड असतो. तो खरवडलेला, पुन्हा कोरलेला किंवा झाकलेला असेल तर घेऊ नका. टर्मिनलवर वेल्डच्या जुन्या खुणा पाहा, कडा फुगलेल्या नाहीत ना ते सरळ पट्टी लावून पाहा. १०५ अँपिअर-अवरचा पॅक पूर्ण भरून ३५ अँपिअरच्या भाराने उतरवला तर तो तीन तास चालायला हवा. पावणेतीन तासांच्या आत बंद पडला तर लेबलवरचा आकडा खरा नाही. ही चाचणी पैसे देण्याआधी, दुकानातच करून घ्यावी. तीन तास बसावं लागतं, बसावं.